नोबिता का आवडतो?

नोबिता नोबीला परीक्षेत शून्य मिळतं, आणि ते एकदा मिळून थांबत नाही. तो पेपर दडवतो, आई शोधून काढते, मग समोर बसवून त्याची खरडपट्टी काढते. मैदानात त्याच्या हातून झेल सुटतो, जियान त्याला बदडतो, सुनियो खिजवतो आणि नेमकी शिझुकासमोर फजिती होते. त्याला मनापासून जमणाऱ्या गोष्टी तीनच. बोटांवर दोरा गुंडाळून आकृत्या करणं, नेमबाजी, आणि उशीला डोकं टेकताक्षणी झोपी जाणं.

असा हा मुलगा महाराष्ट्रातल्या लाखो मुलांचा जिवलग आहे. ज्या घरांत तिसरीपासून शिष्यवृत्तीची पुस्तकं आणली जातात, संध्याकाळी क्लास आणि रविवारी ऑलिम्पियाड असतं, त्याच घरांत जेवताना टीव्हीवर नोबिता लागतो आणि पोळीचा घास हातातच राहतो. २००५च्या सुमारास नोबिताची 'डोरेमॉन' ही मालिका हिंदीतून आपल्याकडे आली. तेव्हाची प्राथमिक शाळेतली मुलं आज नोकरीला लागली आहेत, काहींची लग्नं झाली आहेत. त्यांच्या बोलण्यात आजही जियान आणि सुनियो येतात, वर्गातल्या जुन्या मुलांची नावं यावीत तितक्या सहज.

गेल्या काही वर्षांत मी भेटेल त्याला एक प्रश्न विचारत आले आहे : तुमचं सगळ्यांत आवडतं कार्टून कुठलं? लहान मुलांना विचारला, बँकेतल्या अधिकाऱ्यांना विचारला, प्रवासात शेजारी बसलेल्या आजींना विचारला. सुरुवातीला मला वाटायचं, उत्तरातून माणूस कळेल. डोनाल्ड आवडणारा तापट असेल, पूह आवडणारा शांत. मोबाइलवर येणाऱ्या चाचण्या हेच सांगत असतात. दहा प्रश्नांची उत्तरं द्या, आणि तुम्ही कोण आहात ते कळेल.

या चाचण्या इतक्या पटतात का, याचं उत्तर फार जुनं आहे. १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक व्यक्तिमत्त्व चाचणी भरून घेतली. नंतर प्रत्येकाच्या हाती त्याचं म्हणून स्वभावचित्र दिलं आणि ते कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग फोररनं उघड केलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तो त्यानं राशिभविष्याच्या एका पुस्तकातून उचलला होता. 'तुम्ही वरून शिस्तीचे दिसता पण आतून काळजी करता' अशा धाटणीची वाक्यं कुणालाही स्वतःची वाटतात. तेव्हा 'तुम्ही टॉम की जेरी' या चाचणीवर विसंबून कुणी स्वतःबद्दल काही ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण प्रश्न सोडून द्यावासा मला वाटला नाही, कारण त्याच्या शेपटाला जोडलेला दुसरा प्रश्न फार बोलका निघाला. का आवडतं?

नोबिताचंच घ्या. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा एक तरुण म्हणाला, "मला कधी कमी मार्क पडले नाहीत. पण पडले असते तर घरात काय झालं असतं, ही भीती दहावीपर्यंत पोटात होती. नोबिताला शून्य पडायचं, आई ओरडायची आणि रात्री जेवायलाही वाढायची. ते बघायला बरं वाटायचं." एका मुलीनं सांगितलं, नोबिता तिला आवडायचा कारण त्याच्या खोलीतल्या फडताळात कुणीतरी कायम राहायला होतं. ती एकुलती एक, आईबाबा दोघं नोकरीला, शाळेतून आल्यावर कुलूप उघडून घरात शिरायची. तिसऱ्याला नोबिता आवडतो तो दुपारच्या झोपेपायी. पात्र एकच, पण तिघांच्या उत्तरांमधून तीन वेगवेगळी बालपणं समोर येतात.

नोबिताला जन्म देणारे हिरोशी फुजिमोतो. 'फुजिको एफ. फुजिओ' हे त्यांचं टोपणनाव. लहानपणी आपण अभ्यासात आणि खेळात मागे होतो, नोबिता बराचसा आपल्यावरूनच बेतला आहे, असं ते सांगत. १९६९च्या अखेरीस शोगाकुकान या प्रकाशनाच्या मुलांच्या मासिकांतून ही चित्रकथा सुरू झाली. मूळ कल्पना साधी आहे. पुढच्या शतकातला नोबिताचा खापरपणतू खापरपणजोबाच्या नालायकीनं वैतागतो आणि त्याला सुधारायला डोरेमॉन हे यंत्रमांजर भूतकाळात धाडतो. मांजराच्या पोटावरच्या खिशातून हवी ती वस्तू निघते. बहुतेक गोष्टींत नोबिता ती वस्तू हावरटासारखी वापरतो आणि शेवटी अधिकच गोत्यात येतो. म्हणजे खिशातल्या वस्तूंनी त्याचं भलं होतं असं ही मालिका कधी म्हणतच नाही. पालकांच्या नजरेतून हे सुटतं, मुलांच्या सुटत नाही.

१९७४ सालच्या एका गोष्टीत डोरेमॉनला परत जावं लागणार असतं. आपल्यामागे नोबिताचं कसं होईल, या काळजीनं त्याचा पाय निघत नाही. त्या रात्री नोबिताची जियानशी गाठ पडते. तो डोरेमॉनला हाक मारत नाही. मार खातो, पुन्हा उठतो, जियानला सोडत नाही, आणि अखेर जियानच कंटाळून हार मानतो. मित्रानं निश्चिंत होऊन जावं एवढ्यासाठी. आणखी एक प्रसंग आहे नोबिता आणि शिझुकाच्या लग्नाच्या आदल्या रात्रीचा. 'स्टँड बाय मी डोरेमॉन' या २०१४च्या चित्रपटातही तो आहे. शिझुका वडिलांपाशी रडते आणि वडील तिला धीर देतात. दुसऱ्याचं सुख बघून सुखावणारा आणि दुसऱ्याच्या दुःखानं कळवळणारा मुलगा तू निवडलास, असं त्यांच्या सांगण्याचं सार. नोबिताच्या प्रगतिपुस्तकात या गुणाला रकाना नव्हता. आपल्या मुलांच्या प्रगतिपुस्तकांतही तो नसतो, आणि मुलांना ते ठाऊक असतं.

मानसशास्त्रात पात्राशी जुळणाऱ्या नात्याचे काही प्रकार मानतात. काही पात्रं आपल्यासारखी वाटतात. काही पात्रांसारखं आपल्याला व्हायचं असतं. आणि काहींचा नुसता सहवास हवा असतो. टीव्हीवरच्या माणसाशी प्रेक्षकाची जी एकतर्फी मैत्री जुळते, तिच्यावर हॉर्टन आणि वोल या दोघांनी १९५६ सालीच लिहून ठेवलं आहे. बालवाडीतल्या मुलाला छोटा भीम व्हायचं असतं. लाडू खाल्ला की अंगात बळ, आणि ढोलकपूरवरचं संकट दूर. तेच मूल आठ-नऊ वर्षांचं झालं, वर्गात आपला नंबर आणि मैदानात आपली जागा त्याला कळू लागली की ते नोबिताकडे वळताना मी पुष्कळदा पाहिलं आहे.

हे सगळं काही रेघांवर आणि रंगांवर! हाडामांसाचा नट नाही, चेहऱ्यावर सुरकुती नाही, तरी जीव गुंततो. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मरियन झिमेल यांनी एक छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेला एक चौकोन, एवढंच होतं. आकार इकडून तिकडे सरकतात. कॉलेजातल्या ३४ मुलींना ती दाखवून काय दिसलं ते लिहायला सांगितलं. भूमितीच्या भाषेत वर्णन केलं फक्त एकीनं. बाकीच्यांनी गोष्ट लिहिली. मोठा त्रिकोण दांडगट ठरला, वर्तुळ भित्रं, छोटा त्रिकोण शूर. त्रिकोणाला आपण स्वभाव चिकटवतो, तिथे दोन मोठे डोळे आणि गोल डोकं मिळाल्यावर काय विचारता.

स्कॉट मॅक्लाउड यांनी चित्रकथेच्या कलेवरच्या १९९३च्या पुस्तकात यापुढचं पाऊल टाकलं आहे. चेहरा जितका बारकाव्यांनी काढावा तितका तो दुसऱ्या कुणाचा तरी होतो. जितका साधा ठेवावा, तितकी बघणाऱ्याला त्यात शिरायला जागा मिळते. नोबिताचा चेहरा म्हणजे एक वर्तुळ, चष्मा आणि तोंडाची एक रेघ. सांगलीतलं पोर त्यात मावतं, ओसाकातलंही.

उलटही घडतं. पात्र फार सज्जन झालं की जागा आटते. मिकी माऊस १९२८च्या 'स्टीमबोट विली'त चांगलाच खोडकर होता, जनावरांना छळून त्यांच्यातून संगीत काढणारा. पुढे तो घराघरातला लाडका झाला आणि त्यानं वाह्यातपणा केला की पालक नाराज होऊ लागले. त्याचे कोपरे घासले गेले. स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञानं १९७९ साली मिकीच्या जुन्या-नव्या चित्रांची मापं घेऊन दाखवलं की पन्नास वर्षांत त्याचे डोळे मोठे होत गेले आणि डोकंही. म्हणजे वय वाढताना तो अधिकाधिक बाळासारखा दिसू लागला. मग राग, मत्सर, आळस हे सगळं गेलं कुठे? ते १९३४ साली आलेल्या डोनाल्ड डकच्या वाट्याला आलं. मिकी आवडतो असं म्हणणारे मला खूप भेटले, पण का, याचं उत्तर देताना ते थबकतात. डोनाल्डचे चाहते मात्र तासभर बोलतात. एका सरकारी कार्यालयात तीस वर्षं खिडकीवर बसलेले गृहस्थ म्हणाले, "दिवसभर मला कुणावर ओरडता येत नसे. घरी मुलांबरोबर डोनाल्ड बघायचो. तो माझ्या वाटचं ओरडायचा." हे गृहस्थ अत्यंत मृदू बोलतात. आवडीवरून स्वभाव ओळखायला गेले असते तर मी इथे साफ फसले असते.

टॉम आणि जेरीच्या बाबतीत तर वय बोलतं. लहानपणी सगळे जेरीच्या बाजूनं असतात. छोट्यानं मोठ्याला हरवावं, याहून मुलांना अधिक काय हवं? पण चाळिशीच्या लोकांना विचारा. "टॉम बिचारा," हे शब्द हमखास येतात. फेब्रुवारी १९४०मध्ये आलेली हॅना आणि बार्बेरा यांची पहिली फिल्म मी अलीकडे पुन्हा पाहिली. तिच्यात बोक्याचं नाव अजून टॉम झालेलं नाही. घर सांभाळणारी बाई त्याला बजावते की आणखी एक वस्तू फुटली तर घराबाहेर हो. उंदराला हे कळतं आणि तो काचेचे ग्लास उचलून खाली टाकायची धमकी देऊ लागतो. बोका धावतो तो उंदीर खायला नाही, ग्लास झेलायला. लहानपणी या फिल्मवर मी पोट धरून हसले असेन. आता तिच्यात मला नोकरी टिकवायला धडपडणारा जीव दिसतो, ज्याला कुणीतरी वरचेवर अडचणीत आणतं आहे. फिल्म तीच आहे. बघणाऱ्याच्या अंगावर मधल्या काळात घरकर्ज आलं, साहेब आले.

सगळ्यांत खोलवर गेलेली उत्तरं मात्र मला 'माय नेबर तोतोरो'बद्दल मिळाली. हायाओ मियाझाकी यांचा १९८८ सालचा चित्रपट. आई इस्पितळात, म्हणून वडील दोन मुलींना घेऊन खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात. थोरली सात्सुकी, धाकटी मेई. चित्रपट आवडलेल्यांना मी विचारते, दोघींतली तुमची कोण? धाकटी भावंडं मेईचं नाव घेतात आणि हसतात. थोरल्या बहिणी क्षणभर गप्प होतात.

सात्सुकी सकाळी उठून सगळ्यांचे डबे भरते. मेईचे केस, मेईचा हट्ट, मेई शाळेत येऊन बसली तर तिला वर्गात सांभाळणं, सगळं तिच्याकडे. बाबांना ती कधी तक्रार सांगत नाही. मग इस्पितळातून तार येते. आईचं घरी येणं लांबतं. तेव्हा शेजारच्या आजीपाशी सात्सुकीचा बांध फुटतो. आई मेली तर, हे तिनं इतके दिवस मनात दाबून ठेवलेलं असतं. कोल्हापूरच्या एका परिचारिकेनं मला सांगितलं, "आमच्या आईच्या आजारपणात मी बारा वर्षांची होते. सगळे म्हणायचे, ताई किती समजूतदार. मी रडले नाही म्हणून माझं कौतुक व्हायचं. तिला रडताना बघितलं आणि मला वाटलं, हे मला तेव्हा कुणी दाखवायला हवं होतं." समजूतदार हा शब्द आपल्या घरांतून थोरल्या मुलींना बक्षीस म्हणून दिला जातो. त्याची किंमत त्या किती मोजतात, हे मला त्या दिवशी नव्यानं दिसलं.

मियाझाकींची आई मणक्याच्या क्षयानं कित्येक वर्षं अंथरुणावर होती आणि ते तेव्हा लहान होते. या चित्रपटाचा जुना आराखडा केला तेव्हा त्यात मुलगी एकच होती. प्रसिद्ध पोस्टरवर आजही बसथांब्यावर तोतोरोशेजारी छत्री घेतलेली एकच मुलगी उभी आहे, थोडी सात्सुकी, थोडी मेई. पुढे तिच्या दोघी झाल्या. एकीनं सोसायचं, दुसरीनं भोकाड पसरायचं. आपल्यातले बरेच जण यांतल्या एकीला आत ठेवून दुसरीला बाहेर पाठवत आयुष्य काढतात.

शिनचॅनबद्दलही लिहायला हवं, कारण घरांत भांडणं होतात ती त्याच्यावरून. योशितो उसुई यांची ही चित्रकथा १९९० साली जपानमध्ये मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात सुरू झाली होती, मुलांच्या नव्हे. आपल्याकडे ती मुलांच्या वाहिनीवर आली, मोठ्यांना उलट बोलणारा पाच वर्षांचा मुलगा बघून पालक हादरले, आणि २००८मध्ये सरकारी आक्षेपानंतर प्रक्षेपण थांबलं. पुढे काटछाट होऊन ती परतली. मूल शिनचॅन बघतं म्हणून उद्धट होतं का, यावर मला एवढंच दिसलं की ज्यांना तो आवडतो त्यांतली पुष्कळ मुलं घरात अतिशय गुमान असतात. आणि मुलांशेजारी बसून तो बघणाऱ्या आयांना आवडते ती शिनचॅनची आई, मिसाए. स्वस्तात मिळालं म्हणून नको ते विकत घेणारी, डाएट सुरू करून मोडणारी, दुपारी पाच मिनिटं पाठ टेकायला आसुसलेली. जाहिरातींतल्या हसतमुख आयांहून ती आपल्या ओळखीची आहे.

एक पात्र असंही आहे की ज्याची आवड ठरवून घडवली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला युनिसेफनं दक्षिण आशियातल्या मुलींसाठी 'मीना' तयार केली. तिचं रूप ठरवलं राम मोहन यांनी. फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतल्या कार्टून विभागात १९५०च्या दशकात घडलेले, भारतीय अ‍ॅनिमेशनचे अध्वर्यू. ही मुलगी भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, सगळीकडे आपली वाटायला हवी होती, म्हणून तिचा चेहरा, कपडे, केस गावोगावी लोकांना दाखवून पक्के केले. एका गोष्टीत भाऊ राजूला आंब्याचा मोठा वाटा मिळतो, मीनाला छोटा. ती विचारते, का? मग दोघं एक दिवस कामांची अदलाबदल करतात, आणि संध्याकाळपर्यंत राजू दमून जातो. मीनाची आठवण काढणाऱ्या बायका तिच्या धाडसाबद्दल क्वचितच बोलतात. त्यांना आंबा आठवतो. स्वतःच्या घरातला, सर्वांत छोट्या फोडीचा.

उलट्या दिशेनं आलेला चित्रपट म्हणजे पिक्सारचा 'इनसाइड आउट', २०१५. इथे माणसातले भावच पात्रं झाले. दिग्दर्शक पीट डॉक्टर यांची हसरी मुलगी अकराव्या वर्षी गप्प गप्प होऊ लागली, त्यातून हे सुचलं. पॉल एकमन आणि डॅकर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला. आरंभीच्या कथेत आनंदाबरोबर प्रवासाला भीती निघाली होती. काम बरंच पुढे गेल्यावर डॉक्टर यांच्या ध्यानात आलं की गोष्ट पुढे सरकत नाही, आणि भीतीच्या जागी दुःख आलं. निळ्या रंगाची, ढगळ स्वेटर घातलेली, चालायचाही कंटाळा असलेली बाई. मोठ्यांना विचारलं तर ते बहुधा हिचंच नाव घेतात. खेळकर, लखलखीत आनंद त्यांना दमवतो. रडणाऱ्याशेजारी नुसती बसून राहणारी ती निळी बाई त्यांना हवी असते. २०२४च्या दुसऱ्या भागात काळजी हे नवं पात्र आलं, आणि परीक्षांच्या वयातली मुलं तिच्याविषयी जे बोलतात, ते घरी आईबाबांशी बोलत असतील असं मला वाटत नाही.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे की मुलाला नाव विचारून थांबू नका. आमच्याच इमारतीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला जियान आवडतो. आई चिंतेत पडली होती. मारकुटा, दुसऱ्याची खेळणी हिसकावणारा, तो आवडतो म्हणजे काय? मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, जियानला गाता येत नाही ना? सगळे कान बंद करतात. तरी तो मैदानात पाइपवर उभा राहून गातो. त्याला लाजच वाटत नाही." मग थोड्या वेळानं, "मला वर्गात कविता म्हणायला उभं केलं की आवाजच येत नाही."

हे त्याच्या आईला ठाऊक नव्हतं. त्याच्या वर्गशिक्षकांनाही नव्हतं. तोंडी परीक्षेत त्याला कमी गुण पडत होते आणि पाठांतर कच्चं आहे असा सगळ्यांचा समज होता. त्या आठवड्यात आईनं शाळेत जाऊन बाईंशी बोलणं केलं. आता तो कविता आधी बाईंना एकट्यांनाच म्हणून दाखवतो.